'सीनिअरनं सांगितलं' ही चिठ्ठी नव्हे!

धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला 2022 साली 100 जागांची मान्यता मिळाली. जिल्ह्यातल्या बेंबळीसारख्या गावांना त्याचा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. म्हणूनच भावी डॉक्टरांच्या एका सवयीबद्दल गावात उघड बोललं पाहिजे.

देशभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत झालेल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे की, आजारी पडलेले कितीतरी विद्यार्थी स्वतःच औषध ठरवतात. दुखणं किरकोळ, वेळ नाही, मागच्या वेळी याच गोळीनं गुण आला, ही ठरलेली कारणं. सीनिअर सांगतो, दुकानदार देतो. ताप आला की अ‍ॅझिथ्रोमायसिन, परीक्षेच्या धास्तीनं झोप उडाली की अल्प्राझोलम. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या खणात.

दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र शिकलं म्हणून स्वतःचं निदान करता येत नाही. विषाणूच्या तापावर अ‍ॅझिथ्रोमायसिनचा उपयोग शून्य. ताप डेंग्यूचा निघाला आणि अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन घेतलेलं असलं, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हा धोका त्या विद्यार्थ्यापुरता राहत नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानात एक काल्पनिक उदाहरण दिलं होतं: घसा दुखतो म्हणून एक माणूस स्वतःच अपुरं पेनिसिलिन घेतो, त्याच्या शरीरातले जंतू निर्ढावतात आणि त्यांचा संसर्ग होऊन त्याची बायको दगावते. 2019 मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंनी जगभरात सुमारे 12.7 लाख बळी घेतले.

सुट्टीत मुलगा गावी आला की शेजारची काकू विचारते, ''तूच सांग की बाबा एखादी गोळी.'' आणि तो सांगतो. अजून त्याची डॉक्टर म्हणून नोंदणीही झालेली नसते!

1 मार्च 2014 पासून अल्प्राझोलम, सेफिक्सीम यांसारखी औषधं 'एच-1' यादीत आहेत. चिठ्ठी हवी, डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती तीन वर्षं जपायला हवी. औषध दुकानदारांनी हा नियम विद्यार्थी ओळखीचा असला तरी पाळावा.

मात्र सगळा दोष मुलांच्या माथी मारणं अन्यायाचं ठरेल. थिअरीला 75 आणि प्रात्यक्षिकाला 80 टक्के हजेरी लागते. ओपीडीच्या रांगेत सकाळ घालवायची कुणी? प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयानं विद्यार्थ्यांसाठी संध्याकाळची तपासणी सुरू करावी. झोप आणि ताणाच्या तक्रारी तिथं गुप्त राहाव्यात. आणि बेंबळीतल्या आईबापांनी सुट्टीत आलेल्या लेकराला औषध विचारू नये. त्यालाच ताप असेल, तर हाताला धरून डॉक्टरकडे न्यावं.