पाहिलेला ससा, न पाहिलेला गेंडा

मूल चित्र काढावयास बसले, की आपण हटकून म्हणतो, “समोर बघून काढ, मनाचे घालू नकोस!” अशा वेळी जर्मनीतल्या आल्ब्रेख्त ड्यूररची आठवण ठेवावी.

१५०२ साली त्याने ससा रंगविला, तो पाहून. अंगावरचा केस न् केस वेगळा. डोळ्यात खिडकीचे प्रतिबिंबसुद्धा! पुढे १५१५ साली गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोचला. ड्यूररला तो कधीच दिसला नाही. कोणाचे तरी वर्णन आणि एक कच्चे रेखाटन, एवढ्यावर त्याने लाकडी ठशासाठी गेंडा काढला. कातडीच्या घड्यांचे चिलखत झाले, पायांवर खवले आले, पाठीवर एक जादा शिंगही उगवले! तरीही दोनशेहून अधिक वर्षे युरोपाने हाच गेंडा खरा मानला.

का बरे? मला वाटते, सशाचे केस टिपणाऱ्या हातानेच तो काढला होता म्हणून. डोळ्यांनी साठविलेले असते, तेच कल्पनेला खर्चावयास मिळते.

तेव्हा मुलाला घरचे मांजर जरूर निरखू द्या. मग तो राक्षस काढील, तेव्हा शिंगे मात्र मोजू नका!