जेऊरचे ग्रहण आणि संशोधकांची उमेदीची वर्षे

पुणे-सोलापूर लोहमार्गावर, करमाळा तालुक्यात जेऊर हे गाव आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणातून देशावर आली आणि जेऊरवरून पुढे गेली. विजयदुर्गला इंग्लंडचे नॉर्मन लॉकयर वेध घेत होते, तर जेऊरला अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल ४० फूट लांबीचा कॅमेरा उभारून सज्ज होते. त्याच जेऊरला एक भारतीय पथकही होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे संचालक कावसजी दादाभाई नायगमवाला त्याचे प्रमुख होते. पुण्यात प्लेगने हाहाकार माजवला, त्याला जेमतेम वर्ष लोटले होते. अशा काळात एका भारतीय वैज्ञानिकाने परकीयांच्या बरोबरीने सूर्याच्या प्रभामंडळाचे वेध घेतले आणि त्यांचा अहवाल सिद्ध केला. सोलापूर जिल्ह्याने अभिमानाने जपावी अशी ही स्मृती आहे; पण ती आज जवळजवळ विस्मृतीत गेली आहे.

सूर्यबिंब झाकल्याखेरीज त्याच्या भोवतीचे मंद प्रभामंडळ दिसत नाही. पुढे १९३०च्या सुमारास फ्रान्सच्या बर्नार्ड लिओ यांनी दुर्बिणीतच कृत्रिम ग्रहण घडविणारे उपकरण तयार केले. त्यालाच कॉरोनाग्राफ म्हणतात. १९८४ साली याच युक्तीने बीटा पिक्टोरिस हा तारा झाकला गेला आणि त्याच्या भोवती पसरलेली धुळीची विशाल चकती प्रथमच छायाचित्रात आली. ग्रहमाला कशा जन्मतात, या प्राचीन प्रश्नाला तेव्हापासून प्रत्यक्ष पुराव्याचा आधार मिळू लागला.

तारा जन्मतो तेव्हा त्याच्या भोवती वायू आणि धूळ यांची फिरती चकती तयार होते. अतिशय सूक्ष्म असे धूलिकण एकमेकांना चिकटत जातात आणि त्यांतून अखेर ग्रह घडतात. मात्र खडे जरा मोठे झाले की वायूच्या विरोधामुळे ते वेग गमावतात आणि ताऱ्याकडे ओढले जातात. मग त्यांचे ग्रह होतात तरी कसे? हे कोडे अद्याप पुरते सुटलेले नाही. शिवाय काही दशलक्ष वर्षांत वायू विरून जातो. गुरूसारख्या ग्रहाला त्याआधीच आकार घ्यावा लागतो. चिलीच्या वाळवंटातील सुमारे ५००० मीटर उंचीवरच्या आल्मा या ६६ अँटेनांच्या दुर्बिणीने २०१४ साली एचएल टॉरी या अतितरुण ताऱ्याच्या चकतीतील कंकणे दाखविली. २०१८ साली पीडीएस ७० या ताऱ्याच्या चकतीत प्रत्यक्ष घडत असलेला ग्रहच टिपला गेला. पृथ्वीच्या जन्मकथेची ही पाने आहेत.

या वेधांचा अर्थ लावण्याचे कष्टाचे काम बहुतांशी पीएच.डी. नुकतीच पूर्ण केलेले तरुण करतात. त्यांना पोस्ट-डॉक म्हणतात. दोन-तीन वर्षांची शिष्यवृत्ती, ती संपली की दुसरा देश, पुन्हा अर्ज, पुन्हा अनिश्चितता. वयाच्या तिशीची ऐन वर्षे यात जातात. इकडे घरी नातेवाईक विचारतात, ‘‘अजून कायमची नोकरी नाही का?’’ अभियंता झालेल्या मुलाचे वेतन सर्वांना कळते. धूलिकणांचे गणित मांडणाऱ्या मुलीची साधना कोणाला सांगावी, हे आईवडिलांनाही उमगत नाही. अशा वेळी बुद्धिमान तरुण संशोधन सोडतो किंवा परदेशातच स्थिरावतो. मग त्याला दोष देणे सोपे असते. पण परतणाऱ्यासाठी येथे जागा किती, हा खरा प्रश्न आहे.

नायगमवालांच्या वेधशाळेचे काय झाले, ते या संदर्भात आठवावे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून ती उभी राहिली होती. तिची २० इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद पडली. उपकरणे कोडाईकनालला गेली. दुर्बीण होती, कर्तृत्वही होते. परंतु वारसा पुढे नेणारी तरुण पिढी तेथे घडली नव्हती. केवळ यंत्रांनी विज्ञान टिकत नाही.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. डॉ. जयंत नारळीकर १९७२ साली केंब्रिज सोडून स्वदेशी परतले आणि १९८८ साली त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात आयुका उभी राहिली. विद्यापीठांतील अध्यापक-विद्यार्थ्यांना खगोलशास्त्राची दारे उघडणे हा तिचा हेतू होता. नारळीकर २०२५ साली निवर्तले. आयुकाचे काम चालू आहे. व्यक्तीचे कार्य संस्थेत रुजले म्हणजे ते व्यक्तीनंतरही वाढते.

आज साधनांची वानवा पूर्वीइतकी नाही. बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने घडविलेला कॉरोनाग्राफ २०२३ साली आदित्य-एल१ बरोबर अवकाशात गेला. जेऊरला काही क्षण लाभलेले दृश्य आता भारतीय उपकरण अखंड न्याहाळू शकते. एसकेए या जागतिक रेडिओ दुर्बीण प्रकल्पासाठी केंद्र सरकारने १२५० कोटी रुपये मंजूर केले. ग्रह घडविणाऱ्या चकत्यांतील खड्यांचा शोध हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. मात्र दुर्बिणीसाठी कोट्यवधी देताना तिच्या निष्कर्षांवर आयुष्य वेचणाऱ्या तरुणांसाठी दीर्घ मुदतीच्या शिष्यवृत्त्या आणि कायमची पदेही निर्माण झाली पाहिजेत. विद्यापीठांतील रिक्त जागा वेळेवर भरल्या जाव्यात. सोलापूरच्या विद्यापीठासारख्या तरुण विद्यापीठांत असा एकेक संशोधक रुजला, तरी त्याच्याभोवती विद्यार्थ्यांची पिढी घडेल.

शासनाचे काम शासनाने करावे. कुटुंबांचे कर्तव्य त्याहून वेगळे नाही. ज्ञानसाधनेला धीर लागतो, आणि तो साधकाइतकाच त्याच्या घरच्यांनाही लागतो. जेऊरच्या माळावरील ते ग्रहण काही क्षणांत सुटले. तरुण संशोधकांच्या उमेदीला लागलेले उपेक्षेचे ग्रहण सोडविणे मात्र समाजाच्याच हाती आहे.