'व' म्हणजे 'आणि' की वेग?

जुन्या औरंगाबादेत शहागंजच्या क्लॉक टॉवरकडून सराफ्याच्या दिशेने निघाले की कापड, फळे आणि चपलांच्या गर्दीत मधूनच एखादी झेरॉक्स-डीटीपीची पाटी दिसते. प्रबंध जमा करायचे दिवस आले की अशा दुकानातले दृश्य ठरलेले असते. संशोधक विद्यार्थिनी पेन ड्राइव्ह पुढे करते, दुकानदार फाइल उघडतो आणि दोघेही पडद्याकडे बघत राहतात. 'मापनातील त्रुटी' या शब्दांपुढे ± हवे, तिथे कुठलेसे अर्धे अक्षर येऊन बसलेले असते. "दादा, माझ्या लॅपटॉपवर बरोबर होतं हो." "ताई, सगळं सिलेक्ट करून फॉन्ट बदललाय कोणीतरी." बाइंडिंगची वेळ टळत चाललेली असते आणि दीडशे पानांतून एकेक चिन्ह हुडकायचे असते.

यात चूक ना तिची, ना दुकानदाराची. युनिकोड येण्याआधीच्या मराठी फॉन्टांत देवनागरीला स्वतःचे घर नव्हते. इंग्रजी अक्षरांसाठी आखलेल्या २५६ जागांमध्येच मराठीची अक्षरे, मात्रा, जोडाक्षरांचे तुकडे कोंबलेले असत. त्यातल्या १२८ ते २५५ या वरच्या जागा अर्ध्या अक्षरांना मिळाल्या. नेमक्या याच पट्ट्यात इंग्रजी फॉन्टात गणिताची चिन्हे राहतात: ± ची जागा १७७, × ची २१५, ÷ ची २४७. त्यामुळे अशा फाइलीत सरसकट फॉन्ट बदलला की संगणक मुकाट्याने 'अधिक-उणे'च्या जागी एखादा तुटका 'त' किंवा 'ल' छापतो. युनिकोड येऊन तीन दशके उलटली, तरी जुन्या फाइली, जुने साचे आणि जुन्या सवयी अजून चालू आहेत.

मराठीत गणित, विज्ञान, अभियांत्रिकी छापायचे असेल, तर मजकुराचा फॉन्ट आणि समीकरणाचा फॉन्ट यांची जोडी आधी जमवावी लागते. ती जमवण्याचे काम विद्यार्थ्याच्या आणि डीटीपीवाल्याच्या गळ्यात टाकून विद्यापीठे आणि भाषेसाठी काम करणाऱ्या शासकीय संस्था मोकळ्या झाल्या आहेत. हे बदलायला हवे.

फॉन्ट म्हणजे सजावट, असे समजणाऱ्यांनी एक साधे वाक्य घ्यावे: 'अ व ब समांतर आहेत.' इथे 'व' म्हणजे 'आणि'. आता त्याच पानावर लेखकाने वेगासाठी 'व' हे अक्षर घेतले असेल, तर वाचणाऱ्याने काय समजायचे? रोमन लिपीत हा प्रश्न केव्हाच सुटला. तिथे चल राशी तिरप्या अक्षरात, आकडे उभे, सदिश ठळक. डोळ्याला आधी अक्षराची जात कळते, मग अर्थ. देवनागरीत तिरप्या अक्षराची परंपरा नाही. संगणक उभे अक्षर ढकलून तिरपे करतो आणि ते पडायला आलेल्या भिंतीसारखे दिसते.

शिरोरेषेची अडचण याहून मोठी. एका पिढीने शाळेत (अ + ब)² = अ² + २अब + ब² असेच घोकले. त्यात 'अब' हा गुणाकार आहे, पण शिरोरेषेने जोडलेली दोन अक्षरे डोळा शब्द म्हणूनच वाचतो. 'म' गुणिले 'न' लिहायला जावे तर 'मन' होते. रेषाखंड दाखवायला अक्षरांवर आडवी रेघ द्यावी, तर तिथे शिरोरेषा आधीच हजर. सदिशाचा बाण वेलांटीला जाऊन भिडतो आणि पायातला निर्देशांक उकारात अडकतो.

चिन्हांची गल्लत तर रोजची. विसर्ग सापडला नाही की टंकणारा कोलन मारतो, आणि कोलन तर गुणोत्तराचे चिन्ह. पूर्णविरामाचा दंड आणि केवलमूल्याची उभी रेघ, म्हणजे '।' आणि '|', छापलेल्या पानावर अनेक फॉन्टांत सारख्याच दिसतात. देवनागरी शून्य, इंग्रजी 'ओ' आणि अंशाचे चिन्ह ही तीन वर्तुळे फक्त आकाराने आणि उंचीने वेगळी. दोन पद्धतींचे आकडे एकाच तक्त्यात मिसळले तर आणखी घोळ: आपला ४ इंग्रजी आठासारखा आणि आपला ७ इंग्रजी सहासारखा दिसतो. औषधाची मात्रा किंवा तुळईचा भार मोजणाऱ्या पुस्तकात याला छपाईची किरकोळ चूक म्हणता येत नाही.

हा त्रास एकट्या मराठीचा नाही. खिळे जुळवण्याच्या काळात जगभर समीकरण हे छापखान्यातले सर्वांत महागडे काम होते. साधी ओळ जुळारी भराभर जुळवतो, पण अपूर्णांकाला तीन मजले, घातांकाला आणखी एक, आणि प्रत्येक मजल्याला वेगळ्या मापाचे खिळे. खिळ्यांचे युग संपले आणि फोटोने अक्षरजुळणी सुरू झाली, तेव्हा काम स्वस्त झाले पण पान उतरले. १९७७मध्ये अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांच्या हाती त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे आली. पहिल्या आवृत्तीची छपाई धातूच्या खिळ्यांवर झाली होती. नवी प्रुफे त्यांना इतकी वाईट वाटली, की त्यांनी हातातले लेखन बाजूला ठेवले आणि अक्षरजुळणीची स्वतःची प्रणाली बांधायला घेतली. तीच 'टेक'. तिच्यासाठी त्यांनी 'कॉम्प्युटर मॉडर्न' ही अक्षरमालाही घडवली. थोड्या काळात उरकेल असे वाटलेले काम जवळजवळ दहा वर्षे चालले. आज जगातले बहुतेक गणिती शोधनिबंध याच प्रणालीवर किंवा तिच्यावर उभ्या राहिलेल्या 'लाटेक'वर जुळवले जातात.

गणिताचा फॉन्ट आणि साधा फॉन्ट यांत नेमका फरक काय? साध्या फॉन्टात अक्षरांचे आकार असतात. गणिताच्या फॉन्टात त्यासोबत मोजमापांचा एक तक्ता असतो. अपूर्णांकाची रेघ किती जाड, ती कोणत्या उंचीवर, घातांक किती वर उचलायचा, वर्गमूळाच्या छताखाली किती मोकळी जागा, अशी पन्नासहून अधिक मापे त्यात नोंदलेली असतात. कंस वाढवायचा तर नुसता ताणून जाड करायचा नाही. त्याची मोठी रूपे वेगळी काढलेली असतात. मायक्रोसॉफ्टने २००७च्या वर्डसोबत आणलेला 'कॅम्ब्रिया मॅथ' असा आहे आणि विज्ञान प्रकाशकांनी मिळून तयार करून घेतलेला, मोफत मिळणारा 'स्टिक्स टू मॅथ'ही असाच. देवनागरी अक्षरांना समीकरणात नीट वागवणारा असा तक्ता मात्र आपल्या रोजच्या वापरातल्या कोणत्याही मराठी फॉन्टात नाही.

हे सगळे पाश्चात्त्यांचे, आपण मागाहून आलो, असे वाटत असेल तर कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणादेवीला जावे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद असलेला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख तिथला. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या बीजगणितात अज्ञात राशींना नावे होती: यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक. लिहिताना त्यांची आद्याक्षरे, 'या', 'का', 'नी', 'पी'. ज्ञात संख्येला 'रू', म्हणजे रूप. वर्ग दाखवायला 'व' जोडायचा आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायचे. 'याव १ या ५ रू ६' अशी ओळ म्हणजे आजच्या शाळकरी मुलाची वर्ग बहुपदी. राशीचे अक्षर एकटे येत नाही, नावातली मात्रा घेऊन येते, म्हणजे ते शब्दात सहज विरघळत नाही, हा केवढा उपयोगी बंदोबस्त! मराठी गणिताच्या फॉन्टाचा विचार करणाऱ्याने इथून सुरुवात करायला हरकत नाही.

छपाई आल्यावरही मराठी मागे नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाळशास्त्री जांभेकरांनी कलनशास्त्रावर 'शून्यलब्धि' हे पुस्तक मराठीत केले. आणि शहागंजचे हे शहर तर दोन लिप्यांतल्या विज्ञानाचे साक्षीदार. निजामाच्या राज्यात १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले ते उर्दू माध्यमात, गणितासकट. त्याच काळात मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम औरंगाबादेतून चालवले. १९२८पासून 'सायन्स' नावाचे उर्दू नियतकालिक इथून निघाले. मजकूर उजवीकडून डावीकडे आणि आकडे डावीकडून उजवीकडे, असे ते पान जमवणाऱ्यांचे कसब आठवावे. अरबी लिपीच्या बाजूने पुढे पाठपुरावाही झाला. २०१२मध्ये युनिकोडने अरबी गणिती अक्षरांसाठी वेगळा विभाग दिला, १४३ चिन्हांचा. रोमन आणि ग्रीक गणिती अक्षरांचा विभाग २००१पासूनच आहे. देवनागरीसाठी असा विभाग नाही.

तो मागत बसण्याची गरज आहे, असे मात्र नाही. हाताशी जे आहे ते कमी नाही. राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' हा फॉन्ट मुक्त परवान्याने दिला. त्याच्या देवनागरीवर आणि 'पीटी सेरिफ'च्या रोमनवर आधारून आयआयटी मुंबईत विद्वत्तापूर्ण लेखनासाठी 'शोभिका' तयार झाला. त्यात देवनागरीची सोळाशेहून अधिक अक्षररूपे आहेत, अकराशेहून अधिक जोडाक्षरे आहेत आणि नेहमी लागणारी निवडक गणिती चिन्हेही. मराठी पैशातून निघालेल्या फॉन्टाला शास्त्रीय कामासाठी पुढे नेण्याचे हे उत्तम उदाहरण. ते निवडक चिन्हांवर थांबू नये, एवढीच मागणी आहे.

तोवर काय करावे? मजकूर 'शोभिका'त आणि समीकरण 'स्टिक्स टू मॅथ'मध्ये ही जोडी चांगली जमते. 'कॉम्प्युटर मॉडर्न' स्वतःपुरता देखणा आहे, पण त्याच्या रेघा नाजूक. भरदार शिरोरेषेच्या शेजारी तो फिका पडतो आणि झेरॉक्समध्ये त्याच्या बारीक रेघा तुटतात. चल राशी रोमन आणि तिरप्या ठेवाव्यात, शब्द मराठी. 'चाल = अंतर ÷ वेळ' असे समीकरण शब्दांतच लिहायचे असेल तर ते शब्द मजकूर म्हणून खुणावले पाहिजेत. नाहीतर लाटेक त्यांना गणिताच्या फॉन्टात शोधते, तिथे देवनागरी नसते आणि छापील पानावर नुसती = आणि ÷ ही चिन्हे उरतात, शब्दांच्या जागा कोऱ्या. तक्रार लॉगच्या फाइलीत नोंदलेली असते, ती कोणी उघडत नाही. दोन फॉन्टांचे मापही जुळवावे लागते, कारण एकाच पॉइंटात देवनागरी आणि रोमन क्वचितच सारख्या उंचीचे दिसतात. आकडे एका पुस्तकात एकाच पद्धतीचे हवेत. आणि पीडीएफ करताना फॉन्ट आत बांधलेले हवेत, म्हणजे शहागंजच्या दुकानात ती उघडल्यावर अर्धे अक्षर उगवणार नाही.

लाटेकमध्ये फॉन्टांची ही मांडणी फाइलीच्या डोक्यावरच्या दहा-बारा ओळींत होते. या ओळी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः शोधाव्यात, ही अपेक्षा चुकीची आहे. विद्यापीठ समासाचे माप सांगते, मुखपृष्ठाचा रंग सांगते. तयार साचाही त्यानेच द्यावा: एक लाटेकचा, एक वर्डचा, दोन्ही मराठीत तपासलेले.

उच्च शिक्षण अखेर इंग्रजीतच होणार, मग हा खटाटोप कशाला, असे विचारणारे प्राध्यापक आहेत आणि त्यांची चिंता खोटी नाही. पण २०२१मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आणि महाराष्ट्रात पिंपरी-चिंचवडच्या महाविद्यालयात मराठीतून वर्ग सुरूही झाला. पाठ्यपुस्तके भाषांतरित होत आहेत. जालना-परभणीच्या खेड्यातून आलेला मुलगा ते पुस्तक उघडेल, तेव्हा समीकरण चित्र म्हणून चिकटवलेले, धुरकट आणि ओळीच्या खाली घसरलेले दिसले, तर मराठी पुस्तक म्हणजे दुय्यम पुस्तक, ही समजूत त्याच्या मनात पहिल्याच पानावर रुजेल. भाषांतरकाराची सगळी मेहनत तिथे वाया जाते.

खर्चाचा मुद्दाही तपासून पाहावा. 'शोभिका' मुक्त आहे, 'स्टिक्स' मुक्त आहे, लाटेक फुकट आहे. लागणार आहे ते एका अक्षररचनाकाराचे आणि एका गणिताच्या शिक्षकाचे काही महिन्यांचे वेतन. भाषेच्या नावाने होणाऱ्या एखाद्या मोठ्या समारंभाच्या मांडवखर्चाशी ताडून पाहावी अशी ही रक्कम आहे. देवनागरीसाठी गणिताचा तक्ता करायचा ठरला, तर शिरोरेषेवरची रेघ किती उचलायची, 'मन' आणि 'म × न' यांत किती फट सोडायची, बीजगणितात भास्कराचार्यांसारखी मात्रायुक्त अक्षरे घ्यावीत का, हे प्रश्न राज्य मराठी विकास संस्थेने शिक्षकांना एकत्र बसवून सोडवावेत.

आणि साचा मान्य करण्याआधी एक चाचणीचे पान छापावे. त्यावर वेलांटीवरचा बाण असावा, उकाराखालचा निर्देशांक असावा, तीन मजली अपूर्णांक, दंडाशेजारी केवलमूल्य, विसर्गाशेजारी गुणोत्तर, आणि 'व' हे अक्षर दोन्ही अर्थांनी. मग शहागंजातल्याच एखाद्या दुकानात त्या पानाची झेरॉक्स काढावी, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स, आणि ती प्रत दहावीतल्या मुलाला मोठ्याने वाचायला द्यावी.