खाडीची रेती नको, दगडाची चालेल

ठाण्याच्या खोपटमध्ये जुन्या इमारतींच्या जागी टॉवर उभे राहत असताना त्यांत कोणती रेती पडते, हे घर घेणाऱ्याने विचारायलाच हवे. खाडीची रेती खारी असते. ती नीट धुतली नाही तर क्लोराइडमुळे सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे पापुद्रे सुटतात. उपशाने काठ ढासळतात ते वेगळेच. बेसाल्ट फोडून, चाळून केलेल्या एम-सँडमध्ये हे मीठ नसते. राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये तिचे धोरण मंजूर केले, ते योग्यच झाले.

गवंडी म्हणतात, या वाळूने गिलाव्याला भेगा जातात. तक्रार खरी आहे, पण दोष बहुतेकदा तिच्या नावाने विकल्या जाणाऱ्या, खडी फोडताना उरणाऱ्या क्रशरच्या कचीचा असतो. काँक्रीटच्या वाळूसाठीच्या भारतीय मानक आयएस ३८३ नुसार फोडलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनहून बारीक भुकटी १५ टक्क्यांपर्यंत चालते. कचीत ती अनेकदा जास्त असते, मग गवंडी पाणी वाढवतो आणि सुकताना गिलावा आकसून तडकतो. डोंगर पोखरले जातील, हा आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. म्हणून पाडलेल्या इमारतींचा राडारोडाही दळून वापरात आणला पाहिजे. तोवर सोसायट्यांनी प्रत्येक ट्रकसोबत चाळणी चाचणीचा अहवाल मागावा आणि तो नसेल तर ट्रक परत पाठवावा.