कासीमला तीळ आठवला नाही

अलीबाबाच्या गोष्टीतला कासीम आपल्याला लहानपणी लोभी म्हणून शिकवला. लोभी तो होताच, वादच नाही. पण अडकला तो परवलीचा शब्द विसरल्यामुळे. आत शिरताना शब्द पाठ होता, बाहेर पडायच्या वेळी जव आठवले, बाकीची धान्यं आठवली, तीळ तेवढा आठवेना. त्या गुहेच्या दारावर 'शब्द विसरलात?' अशी पाटी नव्हती बिचाऱ्याला.

आता पाटी असते. विरोपाच्या पानावर, खाली, बारीक निळ्या अक्षरांत. माझी तक्रार अशी की तिच्यामागे दार असेलच याची खात्री नाही, पुष्कळदा भिंत असते. आणि भिंतीवर डोकं आपटून परत आलेल्या माणसाला घरचेच वर ऐकवतात, "लक्षात ठेवायला काय झालं होतं?"

काय झालं होतं म्हणजे? बँक, आयकर, गॅस, रेल्वेचं तिकीट, वीजबिल, सगळ्यांना वेगवेगळा शब्द हवा. त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक टिंबटिकली, आणि शब्द अर्थपूर्ण असला तर चालणार नाही. वर दर तीन महिन्यांनी तो बदला. ही शिस्त आली कुठून? अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेतल्या बिल बर यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेनं ती जगभर पोचवली. २०१७ मध्ये निवृत्त झालेल्या याच बरसाहेबांनी वर्तमानपत्राला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेनंही ठरावीक काळानं शब्द बदलायची सक्ती नको असं लिहिलं. म्हणजे ज्यांनी नियम केला त्यांनी तो सोडला. आपल्याकडची कार्यालयं मात्र अजून दर तीन महिन्यांनी शब्द बदलायला लावतात, आणि लोक तो कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवतात. बरोबरच करतात!

बरं, विसरलात तर ते 'सुरक्षा प्रश्न'. आईचं माहेरचं आडनाव काय? मंडळी, हा प्रश्न ज्यानं काढला त्यानं मराठी लग्नाचा बायोडाटा पाहिला नव्हता. त्यात मामांची नावं, आडनाव, गाव आणि हुद्दा असं सगळं ओळीनं छापलेलं असतं, आणि तो कागद पाचपन्नास घरांत फिरून आलेला असतो. जे अख्ख्या नातेवाईक मंडळींना ठाऊक आहे ते गुपित कसलं? आणि खऱ्या मालकाचीच पंचाईत अशी की आपण इंग्रजीत कुलकर्णी लिहिताना 'यू' लिहिला होता की दोन 'ओ', हे दहा वर्षांनी कोण सांगणार! एक अक्षर चुकलं की तुमची आई तुमची नाही.

गंमत म्हणून सांगत नाही. २००८ च्या सप्टेंबरात, अमेरिकेत उपाध्यक्षपदाची निवडणूक लढवणाऱ्या सारा पेलिन यांचं याहू खातं एका कॉलेजच्या पोरानं उघडलं ते असंच. जन्मतारीख, पिनकोड आणि नवरा कुठे भेटला, ही तिन्ही उत्तरं जालावर पडलेली होती. २०१५ मध्ये गूगलच्याच संशोधकांनी हिशोब मांडला. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या 'आवडता पदार्थ' या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच फटक्यात ओळखता येण्याची शक्यता १९.७ टक्के. आणि अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्या खातेदारांपैकी ४० टक्क्यांना गरजेच्या वेळी स्वतःचंच उत्तर आठवलं नाही. चोराला सोपं, मालकाला अवघड. असं कुलूप तुळशीबागेत विकायला ठेवलं तर दुकानदाराला लोक झोडपतील.

हे प्रश्न आता मोठ्या कंपन्यांनी बरेचसे मोडीत काढले. त्यांच्या जागी आला मोबाइलवरचा कोड. आणि इथे मला खरा राग येतो.

माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. आतोबा चार वर्षं मस्कतला होते, तेव्हा ते तिला विरोप पाठवायचे. रोमन लिपीतलं मराठी, एकेका शब्दाचं स्पेलिंग तीन तऱ्हांचं, पण दर शुक्रवारी न चुकता. खातं आत्याचं, मोबाइल नंबर मात्र त्यांचा. घरात फोन एकच असायचा तेव्हाची ही रीत. ते गेले, त्यांचा नंबर रिचार्जविना बंद पडला. पुढे जुना संगणक बसला. आत्यानं मुलानं दिलेल्या नव्या फोनवर खातं उघडायला घेतलं. नीट वाचा, ती शब्द विसरली नव्हती. वहीत लिहिला होता, पहिल्या झटक्यात बरोबर घातला. कंपनीचं उत्तर: शब्द बरोबर आहे, पण त्या तुम्हीच आहात याची खात्री पटत नाही, अमुक नंबरवर कोड पाठवला आहे.

तो नंबर आता कुणा परक्याच्या खिशात आहे. तो सज्जन निघाला, दोनदा "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला. सज्जन नसता तर? बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. २०२३ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा आपली खाजगी माहिती जपण्याची काळजी आधीच्या ग्राहकानं घ्यावी असा सूर निघाला. आधीचा ग्राहक वारला असेल तर त्यानं काय करायचं, हे कुणी सांगेल का?

मग फॉर्म. खातं कोणत्या महिन्यात उघडलं? माणसाला लग्नाची तारीख आठवते, खात्याची नाही. सगळं भरून दिल्यावर यंत्राचं उत्तर, खात्री करता आली नाही. कुणाशी बोलायचं तर बोलायला कुणी नाहीच. नंबर नाही, पत्ता नाही, काउंटर नाही.

यावर माझे संगणकवाले मित्र म्हणतात, दार सैल केलं तर चोर तिथूनच शिरतील, आणि सेवा फुकट आहे, माणूस कुठून देणार? पहिला मुद्दा खरा आहे. आवाजात रडकेपणा आणून सिमकार्ड बदलून घेणारे भामटे आहेतच. पण बँकेच्या लॉकरची किल्ली हरवली तर बँक "खात्री पटत नाही" म्हणून लॉकर कायमचा बंद ठेवते का? अर्ज घेते, ओळख तपासते, खर्च वसूल करते, तुमच्यासमोर कुलूप फोडते. वेळ लागतो, लागू दे. आत्याला घाई नाही. महिनाभर थांबवा, जुन्या सगळ्या पत्त्यांवर सूचना पाठवा, कुणी हरकत घेतली तर थांबा. पोस्टात कागदपत्रं दाखवायला सांगा, ती जाईल. आणि फुकटचं म्हणाल तर पाचशे रुपये घ्या. हजार घ्या. फुकट कुणी मागितलंय?

ॲपलनं २०२१ मध्ये आणि गूगलनं २०२५ मध्ये विश्वासातला माणूस नेमून ठेवायची सोय काढली. म्हणजे खातेदाराला भाऊ, भाचा, शेजारीण असते हे कळायला इतकी वर्षं लागली. चांगलं आहे, पण ते आधी नेमलेलं असलं तर. आत्यासारख्यांना आज त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट गूगलसारख्या कंपनीनं डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली खाती पुसायला घेतली आहेत. आत येऊ द्यायचं नाही, आणि आला नाहीत म्हणून घर पाडायचं!

असो. आत्याचा सातवा अर्ज परवा भरला. घरच्या मंडळींना एकच सांगणं, कुणाचाही मोबाइल बंद करण्याआधी तो नंबर कोणाकोणाच्या खात्याला जोडलाय ते विचारा. सुरुवात नागपूरच्या काकांपासून करा, त्यांचा जुना नंबर या महिनाअखेर बंद होतोय.