एकट्याचे बेट

पट मांडावयाचा म्हणजे समोर कोणीतरी हवे, अशी आमची आजवरची समजूत होती. परंतु आमचा पुतण्या सुट्टी संपवून जाताना एक जड पेटी आमच्या घरी ठेवून गेला, आणि एका पावसाळी संध्याकाळी ती उघडून आम्ही एकटेच खेळावयास बसलो.

खेळाचे नाव 'रॉबिन्सन क्रूसो'. डॅनियल डिफोची त्या नावाची कादंबरी १७१९ साली प्रसिद्ध झाली. तिचा धागा घेऊन पोलंडमधील इग्नात्सी त्शेविचेक यांनी २०१२ साली हा खेळ रचला.

पट मांडण्यातच आमचा पाऊण तास गेला. आरंभी बेटावर किनाऱ्याचा एकच षट्कोनी तुकडा. बाकीचे बेट शोधून काढावयाचे. शेजारी घटनांच्या पत्त्यांचा गठ्ठा. आम्ही सुताराची भूमिका घेतली. त्याला दोन सोंगट्या, म्हणजे जणू दिवसाची दोन कामे. एकट्या खेळणाऱ्याच्या सोबतीस फ्रायडे व एक कुत्रा मिळतो. पहिल्या कथेत फेऱ्या बारा. तेवढ्या अवधीत पंधरा ओंडक्यांची रास रचून ती पेटवावयाची, म्हणजे जाणाऱ्या जहाजास ती दिसेल.

प्रत्येक फेरीस एक घटना उलगडते. तिच्यातील संकटाकडे दुर्लक्ष केले, तर पुढची पाने तिला ढकलीत नेतात आणि शेवटी ते संकट अंगावर कोसळते. कामांचा नियमही विचार करावयास लावणारा आहे. दोन्ही सोंगट्या एकाच कामास लावल्या तर यश निश्चित. एकेक लावली तर दोन कामे होतात खरी, पण प्रत्येकास तीन फासे टाकावे लागतात: एक यशाचा, एक जखमेचा, एक अकल्पित प्रसंगाचा. अपयश आले तर मात्र निर्धाराच्या दोन चकत्या पदरी पडतात, आणि पुढे त्यांच्याच बळावर आपले खास कसब वापरता येते.

आम्ही लोभ धरला. छपराचे काम उद्यावर टाकून लाकूड साठवीत राहिलो. पुढे पाऊस आला; डोक्यावर छप्पर नसल्याने साठविलेले लाकूड व अन्न दोन्ही गेले. बाराव्या फेरीस रास तेरा ओंडक्यांची झाली होती. शेवटचा फासा अपयशाचा पडला.

घरातील मंडळी निजली होती. फासा पुन्हा टाकला असता, तर पाहणारे कोण होते? आमचा हात खरोखरच पुढे गेला. पण मग वाटले, ज्या कथेचे आपण एकटेच साक्षी, तिच्यात आपणच खोटे लिहिले, तर उरले काय? हात आवरला, आणि तेव्हाच ध्यानात आले की दोष त्या फाशाचा नव्हेच. दोन ओंडके आम्ही बाराव्या फेरीत गमावले नव्हते. छप्पर उद्यावर टाकले, त्याच दिवशी ते गेले होते.

चौघे असते तर आम्ही नि:संशय दुसऱ्या कोणास बोल लावला असता. एकट्याच्या पटावर ती सोय नाही, आणि हाच त्याचा मोठा लाभ.

असो. सोंगट्या मोजून पेटीत ठेविल्या आहेत. पुन्हा एखादी पावसाळी संध्याकाळ येईल, तेव्हा आधी छप्पर, मग लाकूड.