पोच

पनवेलमध्ये दुकान किंवा छोटा कारखाना चालवणाऱ्याला किती सरकारी कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. जुन्या बाजारपेठेतल्या दुकानाला महापालिका. खारघर-कामोठ्यातल्या गाळ्याला महापालिका आणि सिडको. तळोज्यातल्या शेडला एमआयडीसी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ. खाण्याचा पदार्थ विकत असेल तर अन्न व औषध प्रशासन, तराजू असेल तर वैधमापन, उलाढाल वाढली की जीएसटी. यांतल्या कुठल्याही खिडकीवर एक वाक्य हमखास ऐकू येते : "साहेब मीटिंगला गेलेत, अर्ज ठेवून जा."

अर्ज ठेवला जातो, पोच मागायची राहून जाते. काही महिन्यांनी चौकशी केली की अर्ज सापडत नाही, आणि तो दिला होता हे दाखवायला अर्जदाराकडे काहीच नसते.

छोट्या व्यावसायिकाला कायद्याने दिलेले बहुतेक हक्क मुदतीला बांधलेले आहेत. मुदत मोजायची तर पहिला दिवस दाखवावा लागतो. म्हणून शिक्का, तारीख आणि सही असलेली अर्जाची दुसरी प्रत हा व्यवसायाच्या दफ्तरातला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याच पायावर उभा आहे. मालमत्ता कराचा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, नळजोडणी, अग्निशमनाचा ना हरकत दाखला अशा अधिसूचित सेवांना त्याने मुदत घालून दिली. अर्जाची पोच देणे हे कार्यालयाचे कर्तव्य ठरवले. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज फेटाळला, तर तीस दिवसांत पहिले अपील करता येते. त्यापुढे दुसरे अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. कसूर सिद्ध झाल्यास अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. मात्र मुदत सुरू होते ती अर्ज सर्व कागदांसह पूर्ण दिल्यावर. अपुरा अर्ज देऊन दिवस मोजण्यात अर्थ नाही, हे सल्लागारांनी आपल्या अशिलांना आधीच सांगायला हवे.

पनवेलकरांना लेखी हरकतीचे मोल मालमत्ता कराने शिकवले. १८५२ सालची पनवेल नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून १ ऑक्टोबर २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातली पहिली महापालिका झाली. सिडको वसाहतींना कराची देयके गेली तेव्हा आकारणी त्या तारखेपासून, म्हणजे मागील वर्षांसह होती. त्याच काळात सिडको सेवाशुल्कही घेत होती. दुहेरी कराचा हा वाद मोर्चे आणि सभांमधून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यात कोण बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने करदात्याच्या हाती काय दिले आहे, ते पाहण्यासारखे आहे. करमूल्यावरची हरकत लेखी आणि नोटिशीतल्या मुदतीत द्यायची असते. तिच्यावर सुनावणी व्हायला हवी. त्यानंतरही समाधान झाले नाही तर कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील करता येते, पण ते पंधरा दिवसांत आणि मागणीची रक्कम जमा करून. मोर्चात चाललेल्या गाळेधारकाने हरकतीचा कागद दिला नसेल, तर त्याच्या म्हणण्याची सरकारी दफ्तरात नोंद राहत नाही.

कागद मागण्याचा हक्क उलट दिशेनेही चालतो. अधिकारी दारात येतो तेव्हा काहीतरी लिहून देण्याची जबाबदारी त्याची असते.

जीएसटीची झडती घ्यायची तर वरिष्ठ अधिकाऱ्याचे लेखी अधिकारपत्र लागते. दुकानदाराने ते शांतपणे वाचायला मागावे. जप्त कागदपत्रांच्या प्रती मिळण्याचा हक्क कलम ६७ मध्येच आहे. झडती चालू असताना दबाव आणून कर भरून घेऊ नये, अशी सूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने २५ मे २०२२ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना दिली. नव्या नोंदणीत यादीबाहेरची कागदपत्रे मागू नयेत, हे १७ एप्रिल २०२५ च्या सूचनेत त्याच मंडळाने बजावले. घरमालकाचे पॅन आणि आधार मागण्याची सवय त्यात नाव घेऊन थांबवली आहे.

मिठाईवाल्याकडून अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने नमुना नेला तर त्याची किंमत द्यावी लागते. नमुन्याचे चार भाग होतात, आणि एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवा, असे मिठाईवाला म्हणू शकतो. अहवाल विरोधात गेला तर तीस दिवसांत अपील आहे. तळोज्यातल्या कारखान्याच्या सांडपाण्याबाबतही १९७४ चा जल कायदा असेच सांगतो : नमुना घेण्याची नोटीस तिथल्या तिथे द्यायची, दोन भाग समोर करायचे, मोहोर लावायची, दोघांनी सह्या करायच्या. फेरीवाल्यालाही २०१४ च्या कायद्याने जप्त मालाची यादी मिळण्याचा हक्क दिला. त्याने मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल कामकाजाच्या दोन दिवसांत परत मिळायला हवा.

आदेशात कारण लिहिलेले असणे हाही हक्कच आहे. मोहिंदरसिंग गिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले की आदेश त्यात नमूद कारणांवरच तपासला जाईल, नंतर न्यायालयात नवी कारणे जोडता येणार नाहीत. "वरून आदेश आहे" असे तोंडी सांगून परवाना अडवला जात असेल, तर ते लेखी मागावे.

सरकारच ग्राहक असते तेव्हा प्रश्न अधिक नाजूक होतो. सरकारी खात्याला किंवा मंडळाला माल पुरवणारा लघुउद्योजक थकलेल्या बिलाबद्दल बोलायला कचरतो, पुढचे काम जाईल म्हणून. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात सरकारी ग्राहकाला सूट नाही. लेखी करार असला तरी सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज लागते. दाद या कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेकडे मागायची असते. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर ग्राहकाला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. अट एवढीच की उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीची असावी, म्हणजे वादाला जागा राहत नाही. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांची नोंदणी मात्र बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतीच आहे, या वसुलीसाठी नाही. आणि ४५ दिवसांची मोजणी सुरू होते ती माल स्वीकारल्याच्या तारखेपासून. म्हणजे इथेही प्रश्न तोच : चलनाच्या प्रतीवर घेणाऱ्याची सही आणि तारीख आहे का?

साहेबांशी वाकडे नको, ही भीती खरी आहे आणि तिची टिंगल करणे योग्य नाही. एकट्या दुकानदाराने ती झुगारावी असे सांगणे सोपे, पण त्याला पुन्हा त्याच खिडकीवर जायचे असते. म्हणून संघटनांनी आणि सल्लागारांनी पुढे व्हावे. खिडकीवर पोच नाकारली तर अर्ज 'आपले सरकार' संकेतस्थळावर किंवा स्पीड पोस्टाने पाठवावा आणि क्रमांक जपून ठेवावा. काय झाले हे विचारायला दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज आहेच.

लोकसेवा हक्क कायद्यानुसार प्रत्येक कार्यालयाने सेवा, मुदत, शुल्क, जबाबदार अधिकारी आणि अपील अधिकारी यांचा फलक लावायचा असतो. खारघर, कळंबोली, कामोठे आणि पनवेलच्या प्रभाग कार्यालयांत या महिन्यात जाणाऱ्या वाचकांनी तो शोधावा. असेल तर त्याचे छायाचित्र काढून गल्ल्याजवळ लावावे. नसेल तर तसे लेखी कळवावे, पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि दुसरीवर शिक्का घेऊनच बाहेर पडावे.